विमानातली हवा

१९३० च्या सुमारास विमानाने निघालेला माणूस बहुधा आजारी होऊनच उतरे. त्या काळची विमाने ढगांच्या वर जाऊ शकत नसत. वादळवारा आला की त्यातूनच वाट काढावी लागे. कानांना दडे बसत, गचक्यांनी पोट ढवळून निघे. विमान कंपन्या त्यावर च्युइंगगम आणि कानात घालायला कापूस देत.

अमेरिकेतल्या एलन चर्च या परिचारिकेला खरे तर वैमानिक व्हायचे होते. बोइंग एअर ट्रान्सपोर्टने ते मनावर घेतले नाही. मात्र परिचारिका सोबत असली तर घाबरट लोकही विमानात बसायला धजावतील, हा त्यांचा मुद्दा कंपनीला पटला. १५ मे १९३० रोजी त्या ओकलंडहून शिकागोला निघालेल्या विमानात पहिल्या हवाई सेविका म्हणून चढल्या. वीस तासांच्या त्या प्रवासात तेरा थांबे होते. उलटी करणाऱ्याला सावरायचे, केबिन झाडायची, खुर्च्यांचे बोल्ट घट्ट आहेत ना हे पाहायचे, अशी सगळी कामे या परिचारिकांकडे असत. वजन ५२ किलोच्या आत हवे, ही अट छोट्या विमानामुळे समजण्यासारखी होती. अविवाहित असण्याच्या अटीचा उड्डाणाशी काय संबंध, हे कंपनीच जाणे. दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांची गरज लष्कराला भासू लागली आणि नर्सिंगची अट गळून पडली.

खरा उतारा यंत्राने दिला. ढगांच्या वर गेले की गचके कमी होतात, पण तिथली हवा इतकी विरळ, की माणसाला प्राणवायू पुरत नाही. म्हणून बाहेरची हवा दाबून केबिनमध्ये भरण्याची सोय झाली. अशी सोय असलेले पहिले प्रवासी विमान, बोइंग ३०७ स्ट्रॅटोलायनर, जुलै १९४० मध्ये सेवेत आले. केबिनमधली हवा ८,००० फुटांवरच्या हवेहून विरळ होऊ द्यायची नाही, हा दंडक पुढे रूढ झाला. ही उंची कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट भरते. हृदयाचे वा फुप्फुसाचे दुखणे असलेल्यांना डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगतात तो यामुळेच.

दाबाची किंमतही मोजावी लागली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश कॉमेट जेटची दोन विमाने १९५४ मध्ये हवेतच फुटली. प्रत्येक उड्डाणात दाब चढून उतरत असल्याने धातू थकला होता.

त्याच वर्षी अमेरिकी शल्यविशारद जॉन होमन्स यांनी वेगळ्याच दुखण्याकडे लक्ष वेधले : तासन्‌तास बसून राहिल्याने पायांच्या शिरांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या. त्यांच्या रुग्णांत चौदा तास विमानात बसलेला एक डॉक्टरही होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने २००७ मध्ये दाखवले, की चार तास वा अधिक प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. तरी तो सुमारे सहा हजारांत एकाला आहे. आणि लांबच्या बस, रेल्वे वा मोटारप्रवासातही तो वाढतोच.