उकळूनही उरते ते

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की देवळी येते. काळी जमीन, खाली काळा पाषाण आणि शिवारभर पऱ्हाटी. इथल्या विहिरींचे पाणी समजून घ्यायचे तर नायट्रेटचा इतिहास पाहावा लागतो.

गोठ्यातले मूत्र, उकिरडा, मैला यांतला नत्र मातीतले जिवाणू आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये बदलतात. जुन्या वस्त्यांची माती धुऊन काढलेला आणि बंदुकीच्या दारूसाठी वापरलेला सोरा त्याच कुळातला. एकोणिसाव्या शतकात लंडनचे रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड पाण्यातल्या नत्रावरून त्यात पूर्वी मैला मिसळला होता का, हे ताडत. तेव्हा नायट्रेट साक्षीदार होते.

१९४५ साली ते आरोपी ठरले. अमेरिकेतल्या आयोवाचे डॉक्टर हंटर कॉमली यांनी, विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद प्रसिद्ध केली. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटवते.

इकडे शेती बदलत होती. १९५१ साली सिंद्रीचा खत कारखाना सुरू झाला, १९७० मध्ये ‘संकर-४’ ही कपाशी आली, २००२ मध्ये बीटी. युरियाच्या गोण्या वाढल्या. पिकाने न उचललेले नायट्रेट मातीला धरवत नाही. ते पावसाबरोबर खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातील सर्वाधिक नायट्रेटग्रस्त १५ जिल्ह्यांत वर्ध्याचे नाव आहे.

पटकीच्या साथींनी आपल्याला पाणी उकळायला, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायला शिकवले. जंतूंसाठी तो धडा आजही खरा आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाणी आटते तसे ते दाट होते. तुरटी, क्लोरीन, गाळणीचे फडके यांनाही ते दाद देत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी तासभर उकळून बाळाची बाटली भरणारी दक्ष आईच इथे फसते.

उपाय आहेत: बाळाला अंगावरचे दूध, दुसरा तपासलेला झरा, आरओ, विहिरीपासून दूर उकिरडा, खताची हप्त्याहप्त्याने मात्रा. पण त्याआधी मोजणी हवी. विहिरीत पावडर टाकली का, हे आपले आजोबा विचारत. आपण आणखी एक विचारायला हवे: या पाण्यातले नायट्रेट शेवटचे कधी मोजले?