मुलांच्या दुहेरी मूत्रपिंडातला कापलेला भाग काय सांगतो

काही मुलांच्या एकाच बाजूच्या मूत्रपिंडाचे दोन भाग असतात आणि प्रत्येकाची मूत्रवाहिनी वेगळी असते. वरच्या भागाची मूत्रवाहिनी मूत्राशयात अधिक खाली, कधी तर मूत्राशयाबाहेरच उघडते. कार्ल वायगर्ट यांनी १८७७ मध्ये आणि रॉबर्ट मायर यांनी १९०७ मध्ये मांडलेला हा नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अशा मूत्रवाहिनीत मूत्र तुंबते, ताप येत राहतो आणि निकामी झालेला वरचा भाग शस्त्रक्रियेने काढला जातो. चांगला अवयव तुंबल्यामुळे आणि जंतुसंसर्गामुळे बिघडला, हे स्पष्टीकरण साहजिक वाटते. पण या कापलेल्या तुकड्यांनीच ते अपुरे ठरवले. सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा गर्भावस्थेतच थांबलेल्या विरळ नलिका दिसतात, त्यांच्याभोवती कोवळ्या स्नायुपेशींचे कडे असते आणि मध्येच कूर्चेचे बेट. संसर्गाने व्रण पडतो, लिम्फोसाइट जमतात, नलिका सुकतात; कूर्चा मात्र घडणच चुकल्याची खूण आहे. म्हणजे ही ऊती बिघडलेली नव्हे, मूत्रपिंड म्हणून कधी पुरती घडलेलीच नव्हे.

एरिक्सन आणि इवेमार्क यांनी १९५८ मध्ये मुलांमधील ही सदोष घडण आणि संसर्गाच्या खुणा यांची सविस्तर छाननी केली. १९७५ मध्ये मॅकी आणि स्टीफन्स यांनी दुहेरी मूत्रपिंडांत दाखवले, की मूत्रवाहिनीचे तोंड जितके जागा सोडून, तितकी घडण सदोष. मूत्रवाहिनीचा अंकुरच चुकीच्या ठिकाणी फुटतो, असा त्यांचा तर्क. यावर आक्षेप आहे: बेक यांनी १९७१ मध्ये मेंढीच्या गर्भात मूत्रमार्ग लवकर अडवला, तेव्हाही घडण बिघडली, मग दोष अडथळ्याचाच का नसावा? असेलही. पण तोही जन्माआधीचाच, आणि उपचाराच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. प्रयोगशाळेत पोहोचतात ते निवडून काढलेले, सर्वांत वाईट भाग. काहींत केवळ जुना दाह किंवा व्रण आढळतो, काहींत बरीचशी निरोगी ऊतीही. त्यामुळे वरचा प्रत्येक भाग जन्मतःच निरुपयोगी असतो, असा निष्कर्ष त्यांतून काढता येत नाही. पण जिथे घडणच चुकलेली आहे, तिथे अडथळा लवकर दूर केल्याने हरवलेले कार्य परत येईल ही आशाही धरता येत नाही, आणि आईवडिलांनी उशीर केला म्हणून मूत्रपिंड गेले असे त्यांना सांगणे अन्यायाचे ठरते. शस्त्रक्रियेसाठी वारंवार होणारा संसर्ग किंवा सतत गळणारे मूत्र ही स्वतंत्र आणि पुरेशी कारणे आहेत.