डिचपल्लीचे केर दांपत्य

काचीगुड्याहून नांदेड-परभणीकडे जाणाऱ्या गाडीत कामारेड्डी मागे पडले की निजामाबादच्या अलीकडे डिचपल्ली स्टेशन लागते. मलकपेठेतील बहुतेक मराठी कुटुंबांनी ते खिडकीतून पाहिलेले असते, उतरण्याचे कारण मात्र क्वचितच पडते. कुष्ठरोगाच्या उपचाराच्या इतिहासात या लहानशा गावाचे नाव मोठे आहे आणि ते एका स्कॉटिश जोडप्यामुळे.

इझाबेल गन यांचा जन्म १८७५ चा, स्कॉटलंडमधील शेतकरी घरातला. १९०३ मध्ये त्या ॲबर्डीन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी त्यांचा विवाह रेव्हरंड जॉर्ज केर यांच्याशी झाला. १९०७ मध्ये दोघे वेस्लियन मेथडिस्ट मिशनच्या कामासाठी निजामाच्या राज्यात आले. निजामाबाद भागात कुष्ठरुग्णांसाठी कसलीही सोय नाही हे डॉक्टरबाईंच्या लक्षात आले आणि १९११ मध्ये त्यांनी तेथे लहान प्रमाणावर काम सुरू केले. येणारे रुग्ण जास्त, जागा अपुरी. तेव्हा राजा नरसा गौड या हिंदू दानशूर गृहस्थांनी मोठी देणगी दिली आणि १९१५ मध्ये डिचपल्लीला व्हिक्टोरिया रुग्णालय उभे राहिले. पुढे निजाम सरकारनेही मदत केली.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणतीही संस्था पाहिली की पैसा कुठून आला हे आधी पाहण्याची सवय आहे. येथे डॉक्टर स्कॉटलंडच्या, देणगीदार हिंदू आणि राज्य मुसलमान राजाचे. मिशनचे नाव निघाले की आपल्याकडे धर्मांतराचा विषय निघतो. तो अगदीच गैरलागू नाही, कारण मिशन धर्मप्रसारासाठीच आलेले होते. पण ज्या रोग्याला घरचेच उंबऱ्याबाहेर काढत, त्याच्या जखमा धुणारे त्या काळी फार थोडे होते, हेही तितकेच खरे.

रोग्यांना गावाबाहेर ठेवून मरेपर्यंत सांभाळायचे, एवढाच तेव्हाच्या बहुतेक कुष्ठाश्रमांचा हेतू असे. डिचपल्लीत भर उपचारावर होता. औषध म्हणजे चौलमुग्रा जातीच्या बियांचे तेल. त्याच कुळातले कडू कवठीचे झाड आपल्या सह्याद्रीत आढळते. हे तेल पोटात घेतले की मळमळून येई. कलकत्त्याचे डॉ. अर्नेस्ट म्यूर यांनी इंजेक्शनच्या पद्धतीवर भर दिला आणि १९२० नंतर केर दांपत्याने ती डिचपल्लीत सुरू केली. इंजेक्शने दुखत, महिनोन्महिने घ्यावी लागत आणि गुण येई तो मुख्यतः रोग लवकर पकडला गेला तर. तरीही ‘बरे होता येते’ म्हणून लोक स्वतःहून दवाखान्यात येऊ लागले, ही गोष्ट लहान नव्हती. १९२३ मध्ये दोघांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. इझाबेल केर १९३२ मध्ये वारल्या; त्यानंतरही जॉर्ज केर यांनी काही वर्षे काम चालू ठेवले.

बोटे ‘झडतात’ ही समजूत अजूनही आहे. प्रत्यक्षात रोग मज्जातंतूंना लागतो, हातापायांची संवेदना जाते, चटका किंवा काटा कळत नाही, जखमा चिघळतात आणि त्यातून अपंगत्व येते. वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करण्याचे काम १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी सुरू केले. त्यांच्या पत्नी डॉ. मार्गारेट ब्रँड याच रुग्णांचे डोळे पाहत. हेही मिशनरी दांपत्यच. आपल्याकडे अमरावतीजवळ तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये आणि वरोऱ्याला बाबा व साधनाताई आमटे यांनी त्यानंतर काही वर्षांत काम उभारले.

मुलांचा प्रश्न वेगळाच. हा रोग आनुवंशिक नाही, रुग्णाचे मूल निरोगी जन्मते. म्हणून अनेक मिशन संस्था अशा मुलांना आईबापांपासून दूर, वेगळ्या वसतिगृहात वाढवत. लागण टळे, शिक्षणही होई. पण आईपासून मूल तोडण्याची ती पद्धत आज वाचतानाही जड वाटते. परिणामकारक औषधे आल्यावर तिची गरज उरली नाही.

१९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे. सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच रुग्णापासून संसर्ग होणे थांबते. कायदा मात्र सावकाश चालला. १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळले गेले. घरात कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर लपवू नये, लगेच दाखवावा.