दोन सेकंदांचा विराम : सामायिक प्रत ताजी ठेवण्याचा इतिहास

१९८०च्या दशकाच्या मध्यास ॲम्स्टरडॅमच्या व्राये विद्यापीठात डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी एकाच सी कंपायलरवर काम करीत होते. एक विद्यार्थी नेमाने नऊ ते पाच येणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही आणि ग्रून यांना सवड फक्त संध्याकाळी. एकमेकांसाठी न खोळंबता प्रत्येकाला स्वतःच्या प्रतीवर काम करता यावे, या गरजेतून सीव्हीएस ही प्रणाली निघाली. १९८६ साली ती शेल स्क्रिप्टच्या रूपात प्रसिद्ध झाली. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्याने लिहिली.

प्रत्येकाची प्रत स्वतंत्र झाली, तशी आणखी एका प्रतीची गरज भासू लागली. ही प्रत कोणा एकाची नसावी, सर्वांना वाचता यावी आणि सदैव ताजी असावी. पुढे वेबच्या काळात संपूर्ण संकेतस्थळच अशी प्रत होऊन बसले.

सीव्हीएसमध्ये त्याची सोय होती. 'लॉगइन्फो' नावाच्या फाइलीत लिहिलेली आज्ञा कमिटच्या ओघातच चालत असे. तीत सामायिक प्रत अपडेट करण्याची आज्ञा घातली की काम झाले, असे वाटे. प्रत्यक्षात सारे तेथेच अडे. कमिटने रिपॉझिटरीला घातलेले कुलूप अद्याप निघालेले नसे. अपडेट कुलूप निघण्याची वाट पाही आणि कमिट अपडेट संपण्याची. लखनौच्या 'पहले आप'चाच हा संगणकी अवतार! सीव्हीएसच्या मार्गदर्शिकेतील तोडगा अगदी घरगुती होता : अपडेट पार्श्वभूमीवर सोडून द्यावे आणि ते सुरू होण्याआधी दोन सेकंद थांबावे.

सबव्हर्जनची १.० आवृत्ती २००४ साली आली. तिचा 'पोस्ट-कमिट' हुक कमिट पुरते झाल्यावरच चाले, त्यामुळे कुलपाचा पेच सुटला. त्याजागी परवानगीचा पेच आला : हुक सर्व्हरच्या खात्यावर चाले आणि प्रतीतील फाइली बहुधा दुसऱ्याच खात्याच्या असत. जुने दुखणेही राहिलेच. कोणी घाईत सामायिक प्रतीतच हाताने दुरुस्ती केली आणि त्याच ओळी दुसऱ्याने बदलून कमिट केल्या, तर विसंगतीच्या खुणा थेट लोकांपुढील पानावर उमटत.

२००५ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिहिलेल्या गिटने वेगळी भूमिका घेतली. पुश केल्याने पलीकडील रिपॉझिटरीचा इतिहास पुढे सरके, तेथील कामाच्या फाइली मात्र जुन्याच राहत. अनेकांची यात फसगत होई. तेथूनच कोणी पुन्हा कमिट केले तर नुकतेच आलेले बदल पुसले जाण्याची भीती असे. म्हणून २०१० च्या १.७.० आवृत्तीपासून, चालू शाखेवर असा पुश गिट मुळातच नाकारू लागले. २०१५ च्या २.३ आवृत्तीत 'अपडेट-इन्स्टेड' हा पर्याय आला : सामायिक प्रत आपोआप ताजी होईल, परंतु तीत कोणाचे अर्धवट काम पडलेले नसेल तरच.