साडेचार फुटांचा आडोसा

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पण घरी कॉम्प्युटर आणि जोडणी घेणे ही तेव्हा चैनच होती. म्हणून पुढच्या काही वर्षांत बहुतेकांची इंटरनेटशी पहिली ओळख झाली ती सायबर कॅफेत. प्लायवूडच्या अरुंद केबिन, तासावर पैसे, गल्ल्यावर एक वही. याहूच्या चॅटरूममध्ये पहिला प्रश्न ‘एएसएल?’ म्हणजे वय, लिंग, ठिकाण. दादरच्या केबिनमधला पोरगा बिनदिक्कत लंडन लिहून मोकळा व्हायचा आणि समोरची ‘लंडनवाली’ ठाण्याची असली, तरी कळायला मार्ग नव्हता.

नाव झाकले जाई, पण पत्रव्यवहार नाही. लॉगआउट न करता उठलेल्याची मेलपेटी पुढच्या गिऱ्हाइकाला उघडी सापडे. यंत्रात कुणी दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा की-लॉगर टाकून ठेवला असला, तर पासवर्डही जाई. निनावीपण, खासगीपण आणि सुरक्षितता या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे कॅफेतल्या लोकांना ठेच लागूनच कळले.

पोलिसांची अडचण वेगळी होती. आयपी पत्ता दार दाखवतो, माणूस नाही.

२००८च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटे आलेल्या धमकीच्या मेलचा माग नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या अमेरिकी भाडेकरूचा मेलशी संबंध नव्हता. त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हते, एवढेच. ऑगस्टमध्ये आलेला तसाच आणखी एक मेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या वाय-फायवरून गेला, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरमधून. जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली.

या तिन्ही मेलना सायबर कॅफेची गरज पडली नव्हती. तरी एप्रिल २०११मध्ये केंद्राने कॅफेंसाठी नियमावली काढली. ओळखपत्र दाखवायचे, नोंदवहीत नाव लिहायचे, ती किमान वर्षभर जपायची. केबिनची भिंत साडेचार फुटांहून उंच नको आणि केबिनबाहेरच्या यंत्रांचे पडदे मोकळ्या जागेकडे वळलेले हवेत. आडोशाची उंची फुटांत मोजून देणारे सरकार विरळाच! भुर्दंड पडला तो कॅफेमालकाला आणि नोकरीचा अर्ज भरायला आलेल्या पोराला.

पुढे कॅफे ओस पडले ते या नियमांपेक्षा स्वस्त मोबाइल डेटामुळे. २०१६मध्ये लोक अंगठा टेकवून, आधारच्या जोरावर सिमकार्डे घेऊ लागले; वहीत नाव लिहिण्यापेक्षा ही नोंद कितीतरी पक्की. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आणि त्याच न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने खासगी कंपन्यांच्या आधारसक्तीला चाप लावला.

तगलेल्या कॅफेंत आता सातबाऱ्याच्या प्रती निघतात, परीक्षांचे फॉर्म भरले जातात. गिऱ्हाईक आधारकार्ड काउंटरवर ठेवते आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवते.