नाळ कुठे पुरली?

मंडळी, बाळंतिणीने स्वतःची वार सुकवून कॅप्सूलमधून खायची, अशी टूम अमेरिकेत निघाली आहे. चिनी वैद्यकात हे औषध जुनेच. ली शिझेनच्या सोळाव्या शतकातल्या ग्रंथात त्याची नोंद आहे.

आपल्याकडे वार पुरायची रीत होती. कुत्र्यामांजरांनी उकरू नये म्हणून खड्डा खोल घ्यायचा. 'तिथे काय तुझी नाळ पुरली आहे?' हे बोलणे त्यातलेच. १९९८च्या नियमांनी ती जैववैद्यकीय कचरा ठरली. नवी मुंबईत जन्मलेल्या नातवंडांना नाळ पुरल्याची जागा दाखवणार कुठली?

तरी लेकी-सुनांनो, कॅप्सूल नकोच! २०१६ साली ओरेगनमध्ये अशा कॅप्सूलमध्ये जंतू सापडले. तान्हे बाळ त्याच जंतूंनी दोनदा आजारी पडले होते.