मेदहारक गोळ्यांची कुळकथा

पहिल्या महायुद्धाच्या काळांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामकऱ्यांना एक विलक्षण व्याधि जडूं लागली. पिक्रिक आम्लाबरोबर डायनायट्रोफेनॉल नांवाची एक पिवळी भुकटी मिसळून तेथें तोफगोळे भरीत असत. ही भुकटी हाताळणाऱ्या माणसांना दरदरून घाम सुटे, तहान आवरेनाशी होई, आणि कित्येक जण जेवूनखाऊनहि दिवसेंदिवस वाळत जात. कांहींचा ताप एकाएकीं इतका चढे कीं, थोड्याच तासांत त्यांचा अंत होई. 1916 ते 1918 या अवधींत अशा 36 मृत्यूंची नोंद झाली. पुढें युद्ध संपलें, कारखाने थंडावले, आणि हा सारा वृत्तांत वैद्यकीय अहवालांच्या पानांत पडून राहिला. या प्राणघातक भुकटीला पुढें पंधरा वर्षांनीं सुखवस्तु घरांतील स्त्रियांच्या प्रसाधनाच्या मेजावर मानाची जागा मिळेल, असें त्या वेळीं कोणीं भाकीत केलें असतें तर लोकांनीं त्यास वेड्यांत काढलें असतें.

शरीराचा मेद औषधानें झडावा ही इच्छा मात्र त्याहून जुनी आहे. लंडनमधील विल्यम बँटिंग या गृहस्थाचा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा प्रतिष्ठित धंदा होता. साठी उलटल्यावर त्याचें शरीर इतकें सुटलें कीं, स्वतःच्या जोड्यांचे बंद बांधणें त्यास अशक्य झालें आणि जिना उतरतांना तो पाठमोरा उतरूं लागला. ऐकूं कमी येतें म्हणून तो कानांच्या वैद्याकडे, डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेला. त्यांनीं कानाऐवजीं जिभेस पथ्य सांगितलें. पाव, साखर, बटाटे आणि बिअर हीं सोडल्यावर वर्षभरांत बँटिंगचें वजन 202 पौंडांवरून 46 पौंडांनीं उतरलें. 1863 सालीं त्यानें हा अनुभव एका पत्ररूप पुस्तिकेंत छापला. ती इतकी खपली कीं, पथ्यानें वजन उतरविण्यास इंग्रजींत त्याच्याच नांवाचें क्रियापद रूढ झालें. परंतु पथ्य म्हटलें कीं त्यांत रोजचा झगडा आला. गोळी गिळण्यास क्षणभर पुरतो. त्याच शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेंतील औषधविक्रेत्यांनीं मनुष्यस्वभावाचें हें मर्म बरोबर हेरलें.

त्यांच्या हातीं पहिलें खरें अस्त्र आलें तें मेंढ्यांच्या कंठग्रंथीचें. इंग्लंडांतील डॉ. जॉर्ज मरे यांनीं 1891 सालीं, ही ग्रंथि निकामी झालेल्या एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून तिला जवळजवळ मरणाच्या दारांतून परत आणलें, आणि त्यानंतर ती बाई 1919 पर्यंत जगली. वैद्यकाच्या इतिहासांतील हा एक उज्ज्वल प्रसंग होय. पण त्या उपचारांत रोग्याचें वजनहि उतरतें हें ध्यानांत येतांच, ज्यांची ग्रंथि धडधाकट होती अशांनाहि तो अर्क चारण्यास आरंभ झाला. निरोगी माणसास तो अधिक मात्रेनें दिला कीं हृदय धडधडूं लागतें, हात कांपतात, झोंप उडते आणि मेदाबरोबर स्नायूहि झिजतात. ‘मार्मोला’ या नांवाच्या गोळ्यांत हेंच द्रव्य होतें. 1907 पासून त्या अमेरिकेंत जाहिरातींच्या बळावर खपत होत्या.

व्यापारविषयक संघ आयोगानें या गोळ्यांची फसवी जाहिरात बंद करण्याचा हुकूम सोडला, तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. 1931 सालीं न्यायालयानें निकाल दिला तो कंपनीच्या बाजूनें. वैद्याच्या देखरेखीवांचून हें औषध घेणें धोक्याचें आहे, याविषयीं न्यायमूर्तींनीं वाद घातला नाहीं. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, आयोगाचा अधिकार व्यापारांतील अन्याय्य स्पर्धेपुरता आहे, आणि या जाहिरातींमुळें कोणा प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याचें नुकसान झाल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. गिऱ्हाइकाच्या प्रकृतीचें नुकसान कायद्याच्या हिशेबांत धरलेलेंच नव्हतें! ही उणीव भरून निघण्यास पुढें सात वर्षें लागलीं.

नेमक्या या मोकळ्या रानांत डायनायट्रोफेनॉलनें पाऊल टाकलें. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या वैद्यकशाळेंत मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग हे शास्त्रज्ञ या पिवळ्या भुकटीच्या गुणधर्मांचा अभ्यास करीत होते. ते कांहीं भोंदू नव्हते. मोजक्या मात्रेनें ही भुकटी दिली असतां शरीरांतील ज्वलन दीडपटीपर्यंत वाढतें आणि नेहमीचें अन्न खात असतांहि आठवड्यास दोन ते तीन पौंड वजन उतरतें, असें त्यांनीं 1933 सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पत्रांत प्रसिद्ध केलें. वैद्याच्या नजरेखालींच तिचा उपयोग व्हावा, हा इशाराहि त्यांनीं दिला होता. परंतु वार्ता वर्तमानपत्रांत पोंचली ती इशारा मागें ठेवूनच. औषध नवें नव्हतें, त्यामुळें त्याचा मक्ता कोणाकडेच नव्हता. रंगाच्या कारखान्यांतून तें स्वस्तांत मिळे. निरनिराळ्या नांवांनीं त्याच्या गोळ्या आणि कुप्या बाजारांत आल्या, आणि चिठ्ठीवांचून विकल्या जाऊं लागल्या. वर्षभरानें टेंटर यांनींच अंदाज केला कीं, एकट्या अमेरिकेंत निदान एक लाख लोकांनीं हें औषध घेतलें असावें.

या भुकटीची करणी समजण्यास विहिरीवरील मोटेचें उदाहरण बरें पडेल. बैल मोट ओढतात, पाणी थारोळ्यांत पडतें आणि पाटानें वाफ्यांत जातें. पाटाला जागोजाग भगदाडें पडलीं तर बैल तितकेच राबतील, किंबहुना पाणी पुरेना म्हणून धनी त्यांना अधिकच हांकील, पण वाफा कोरडाच राहील. शरीरांतील प्रत्येक पेशींत अन्नाच्या ज्वलनापासून निघणारी शक्ति एका रासायनिक द्रव्याच्या रूपानें सांठविली जाते. डायनायट्रोफेनॉल या सांठवणीच्या पाटालाच भोंकें पाडतें. शरीर मेद जाळीत सुटतें, आणि सांठविली न गेलेली शक्ति निव्वळ उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. लूमिस आणि लिपमन यांनीं ही गोष्ट 1948 सालीं प्रयोगानें दाखविली. म्हणजे लाखभर लोकांनीं जें औषध घेतलें तें काय करतें याचा उलगडा तें बंद झाल्यावर दहा वर्षांनीं झाला. त्यानें येणारा ताप ज्वरावरच्या नेहमीच्या औषधांना कां दाद देत नाहीं, हेंहि यावरून कळतें. तीं औषधें मेंदूंतील उष्णतेच्या नियमनावर काम करतात. येथें तर भट्टी प्रत्येक पेशींत पेटलेली असते. या विषाला उतारा तेव्हां नव्हता आणि आजहि नाहीं. गुण देणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांतील अंतरहि फार थोडें.

तरीहि या औषधाविरुद्ध लोकमत बिथरलें तें मृत्यूंमुळें नव्हे. 1935 सालीं सॅन फ्रान्सिस्कोमधील नेत्रवैद्यांकडे मोतीबिंदु झालेल्या तरुण स्त्रिया येऊं लागल्या. मोतीबिंदु हा म्हातारपणाचा सोबती. तिशी-चाळिशीच्या स्त्रियांत, आणि तोहि दोन्ही डोळ्यांत, इतक्या झपाट्यानें वाढलेला पाहून वैद्य चकित झाले. विचारपूस करतां सर्वांत एकच समान गोष्ट आढळली, ती म्हणजे वजन उतरविण्याच्या त्या गोळ्या. कित्येकींनीं गोळ्या सोडून महिने लोटले होते आणि मगच त्यांची दृष्टि धुरकट होऊं लागली होती. प्रयोगशाळेंतील नेहमीच्या प्राण्यांत हा विकार दिसला नव्हता, म्हणून आधीं कोणास त्याची शंकाहि आली नाहीं. अशीं शंभरांहून अधिक उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद झालीं. कंबर चार बोटें बारीक व्हावी म्हणून ज्यांनीं औषध घेतलें, त्यांना आरशांतील आपलेंच रूप दिसेनासें व्हावें, यापरता दैवदुर्विलास कोणता?

अशा वेळीं सरकार काय करीत होतें, हा प्रश्न साहजिक आहे. वॉशिंग्टनमधील अन्न व औषध खात्याला धोका पुरता ठाऊक होता, परंतु त्याच्या हातीं 1906 सालचा कायदा होता. त्या कायद्यानें औषधाची जी व्याख्या केली होती तींत रोग बरा करण्यासाठीं, त्याची तीव्रता कमी करण्यासाठीं किंवा तो टाळण्यासाठीं वापरावयाचें द्रव्य एवढेंच येई. लठ्ठपणा हा रोग मानला जात नव्हता. सबब लठ्ठपणावरील गोळी ही कायद्याच्या दृष्टीनें औषधच नव्हती! शिवाय बाटलीवरील मजकूर खोटा असेल तरच खात्यास हात घालतां येई, आणि या गोळ्यांनीं वजन उतरतें हें तर अक्षरशः खरें होतें. खात्यानें वेष्टनावर धोक्याच्या सूचना छापण्याचा आग्रह धरावा, वर्तमानपत्रांतून लोकांस सावध करावें, याहून त्याची धांव नव्हती.

येथें थोडें विषयांतर करून आपल्याकडील वैद्यकाचें स्मरण करण्यास हरकत नाहीं. अमेरिकेच्या कायदेपंडितांना अडविणारा प्रश्न चरकसंहितेला अडला नव्हता. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत आठ प्रकारच्या निंदित शरीरांत अतिस्थूल मनुष्य गणिला आहे आणि त्याच्या ठिकाणच्या आठ दोषांत आयुष्याचा ऱ्हास पहिल्यानें सांगितला आहे. उपचारांत मध, यव, त्रिफळा यांबरोबर व्यायाम, जागरण आणि चिंतन यांचाहि समावेश आहे, आणि हें सारें क्रमाक्रमानें वाढवावें असें बजावलें आहे. उलट आपल्या घरांतील बोलण्यांत ‘अंगानें भरली’ ही स्तुति असते आणि सुटलेलें पोट खात्यापित्या घरची खूण ठरतें. शास्त्र एक सांगतें आणि माजघर दुसरेंच बोलतें, हा अनुभव कांहीं अमेरिकेपुरता नाहीं.

कायदा बदलावा म्हणून अन्न व औषध खात्यानें एक नामी युक्ति योजिली. जुन्या कायद्याच्या कचाट्यांतून सुटणाऱ्या घातुक वस्तूंचें एक प्रदर्शनच त्यानें मांडलें. पापण्यांना काळिमा आणणाऱ्या ज्या रंगानें एका स्त्रीची दृष्टि गेली, तो रंगहि त्यांत होता. वृत्तपत्रांनीं या प्रदर्शनास ‘भयानक वस्तूंचें दालन’ असें नांव दिलें. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नीनेंहि तें पाहिलें. तरी विधेयक वर्षानुवर्षें रखडलें, कारण पेटंट औषधांच्या जाहिरातींवर वृत्तपत्रांचेंहि पोट अवलंबून होतें. अखेर 1937 सालीं सल्फानिलामाइडचें एक गोड पातळ औषध विषारी द्रावकांत बनविलें गेल्यानें शंभराहून अधिक माणसें, आणि त्यांत पुष्कळ बालकें, दगावलीं. तेव्हां कोठें कायदेमंडळ हललें. 25 जून 1938 रोजीं नव्या कायद्यावर रूझवेल्ट यांची सही झाली. त्यांत औषधाच्या व्याख्येस एक पोटकलम जोडलें होतें: शरीराच्या रचनेवर अथवा कोणत्याहि क्रियेवर परिणाम करण्यासाठीं असलेली वस्तूहि औषधच समजावी. या एका वाक्यानें मेदहारक गोळ्यांची पळवाट बुजली. डायनायट्रोफेनॉल मनुष्यास देण्यास सर्वथा अयोग्य ठरलें आणि राजरोस विक्रीतून नाहींसें झालें.

गोळीची इच्छा मात्र राहिली. पुढील कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे, कारण तिचा घाट बहुधा सारखाच आहे. भूक मारणारीं ॲम्फेटामिन जातीचीं औषधें दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास दिलीं जाऊं लागलीं आणि त्यांचें व्यसन घरोघर शिरलें. ॲमिनोरेक्स हें औषध 1965 सालीं स्वित्झर्लंडमध्यें आलें. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढविणारा एक प्राणघातक विकार त्यानें होतो असें दिसल्यावरून 1968 सालीं तें मागें घेतलें गेलें. फेनफ्ल्युरामिन व फेंटरमिन यांची जोडगोळी अमेरिकेंत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लाखों लोकांनीं घेतली. 1997 सालीं मेयो क्लिनिकच्या वैद्यांनीं ती घेणाऱ्या 24 स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचें प्रसिद्ध केलें, आणि दोनच महिन्यांत फेनफ्ल्युरामिन बाजारांतून उठलें. सिब्युट्रामिन 2010 सालीं युरोप-अमेरिकेंत बंद झालें. भारत सरकारनें पुढच्याच वर्षीं त्यास मनाई केली. दर वेळीं वजन खरोखरच उतरत होतें. दोष दिसला तो कांहीं काळ लोटल्यावर, आणि बहुधा ज्या इंद्रियाकडे कोणाचें लक्ष नव्हतें अशा ठिकाणीं.

या पार्श्वभूमीवर आजच्या नव्या औषधांचा विचार करावा लागतो. आंतड्यांत उत्पन्न होणाऱ्या एका संप्रेरकाची नक्कल करणारें सेमाग्लुटाइड अमेरिकेंत 2021 सालीं वजनासाठीं मान्य झालें, आणि या जातीचीं टोंचून घ्यावयाचीं औषधें 2025 सालीं भारतांतहि मेदासाठीं विक्रीस आलीं. जुन्या गोळ्यांशीं त्यांची बरोबरी करणें अन्यायाचें होईल. 1961 प्रौढ माणसांवरील पद्धतशीर प्रयोगांत 68 आठवड्यांत सरासरीनें सुमारें 15 टक्के वजन उतरलें. ज्यांना नुसतेंच पाणी टोंचलें होतें त्यांचें अडीच टक्केहि उतरलें नाहीं. मळमळ, वांति यांसारखे त्रास होतात, पण ते आरंभापासून नोंदले गेलेले आहेत. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांच्या जोडीनें ज्यांना स्थूलता ग्रासते अशांना वैद्यानें हें औषध दिलें तर त्यास नांवें ठेवण्यास जागा नाहीं. लग्नसराईपूर्वीं चार शेर उतरावेत म्हणून औषधांच्या दुकानांतून परस्पर आणून घेणें, ही गोष्ट अगदीं निराळी. औषध थांबविल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनापैकीं सुमारें दोन-तृतीयांश वजन परत आलें, असें त्याच प्रयोगाच्या पुढील भागांत आढळलें. तेव्हां हें औषध घ्यावें कीं नाहीं याबरोबरच तें किती वर्षें घ्यावयाचें आणि त्याचा खर्च कोणीं सोसावयाचा, हेंहि घरांत आधीं ठरवावें लागतें.

आणि ती पिवळी भुकटी? एकविसाव्या शतकांत ती पुन्हा प्रकट झाली. संगणकाच्या जाळ्यावरून, खताच्या किंवा रंगाच्या नांवाखालीं, व्यायामशाळेंत जाणाऱ्या तरुणांना आणि आपल्या शरीराचा तिटकारा आलेल्या मुलींना ती विकली जाऊं लागली. इंग्लंडांत तिनें अनेक तरुण बळी घेतले. 1 ऑक्टोबर 2023 पासून ब्रिटिश सरकारनें तिची गणना विषाच्या कायद्याखालीं नियंत्रित द्रव्यांत केली असून परवान्यावांचून ती जवळ बाळगणें हा आतां तेथें गुन्हा आहे.